धुराचा वेरा कोण भरणार?

नमस्कार मंडळी! आपल्या बडोद्यात दांडिया बाजारात, राजमहल रोडवर आणि तिकडे रिफायनरीच्या बाजूला रेडिओ लावून बसलेल्या सगळ्यांना नमस्कार.

सकाळी दारात कचऱ्याची गाडी येते, आपण पिशवी टाकतो आणि मोकळे होतो, पण ती काही फुकट येत नाही हां, वेऱ्यातून, म्हणजे करातून, पैसे जातातच. कार्बन कॅप्चर, म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड, आपला सीओटू, हवेत न सोडता पकडून ठेवायचा, त्याचं घोडंही इथेच अडलंय. अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात तो पकडता येतो, हे तंत्र चांगलं जुनं आहे, पण पकडून जमिनीत पुरलेल्या गॅसला गिऱ्हाईक कोण? मसाला सोड्यात खपून खपून किती खपणार!

नॉर्वेचं बघा. 1991 मधे त्यांनी कार्बन टॅक्स लावला. त्यांच्या समुद्रातल्या स्लाइप्नर फील्डमधून निघणाऱ्या नैसर्गिक गॅसमधे सुमारे 9 टक्के सीओटू, आणि विकायचा तर तो अडीच टक्क्यांवर आणणं भागच होतं, म्हणजे वेगळा करायचा खर्च तसाही होताच, मग हवेत सोडून टॅक्स भरत बसण्यापेक्षा समुद्राच्या तळाखालच्या वाळूच्या खडकात घातलेला परवडला. 1996 ला सुरू झालं, वर्षाला 10 लाख टनांच्या आसपास.

उलट टेक्सासचा पेट्रा नोव्हा. कोळशाच्या वीजकेंद्रातला सीओटू जुन्या तेलविहिरीत ढकलायचा आणि जास्तीचं तेल काढायचं. 2020 मधे तेलाचे भाव पडले, प्लांट बंद! 2023 मधे परत चालू. हवामानासाठी काढलेला प्रोजेक्ट तेलाच्या भावावर जगतोय, आता हसावं का रडावं?

आपल्या कोयली रिफायनरीचाही असाच विचार आहे, 2019 मधे इंडियन ऑइल आणि ओएनजीसीचा करार झाला, रिफायनरीतला सीओटू गंधारच्या तेलक्षेत्रात न्यायचा. रिफायनरीत एक फायदा असतो, हायड्रोजन बनवताना निघणारा सीओटू दाट असतो. घट्ट दह्याचं लोणी पटकन येतं ना, तसं. कोळशाच्या धुरात तो 12-15 टक्केच आणि साध्या हवेत तर 0.04, तिथे घुसळत बसा नुसते, वीज जाते ती वेगळीच. म्हणून मला विचाराल तर कोळशाच्या विजेवर हा पैसा घालू नये, तिथे सोलर आहे. सिमेंटचं तसं नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनच सीओटू सुटतो, भट्टी कशावरही पेटवा.

आणि वेऱ्याचं म्हणाल तर युरोपनं 2026 पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद-सिमेंटवर कार्बनचा आकार लावलाय, माल बनवणाऱ्या देशात आधीच भरला असेल तर तेवढी वजावट मिळते. आपण इथे घेतला नाही तर तेच पैसे तिकडे जमा होणार.