खायचे दात, दाखवायचे दात

नमस्कार, श्रोतेहो.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं आपण लबाड माणसाबद्दल म्हणतो. हत्तीचा यात काही दोष नाही, पण म्हण शब्दशः खरी आहे. बाहेर दिसतात ते सुळे. खाणं चालतं ते आतल्या दाढांवर, आणि मोठ्या हत्तीची एकेक दाढ विटेएवढी असते. या दाढा आयुष्यात सहा वेळा येतात. आपल्यासारख्या हिरडीतून वर उगवत नाहीत, मागून पुढे सरकत येतात. पुढची झिजून तुकड्यातुकड्याने गळते आणि मागची तिची जागा घेते. सहावी झिजली की पुढे काही नाही. म्हातारे हत्ती रानात कधीकधी उपासमारीने जातात ते यामुळेच. चारा समोर असतो, चावता येत नाही.

घरच्या सगळ्यांना घेऊन हत्ती बघायला जायचं आहे, आणि हत्तीचे हाल होत नसतील अशाच ठिकाणी जायचं आहे, तर ते ठिकाण निवडायचं कसं, यावर आज बोलायचं आहे. हे दात मात्र ध्यानात असू द्या.

आधी एक कबुली. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही चौघं, म्हणजे तिची आजी, तिचे बाबा, ती आणि मी, अशाच एका ठिकाणी गेलो होतो. फाटकावर प्रेम, माया, आसरा असे सगळे शब्द रंगवलेले. मुलगी हत्तीवर बसली, फोटो निघाले. एका झाडाखाली एक हत्तीण उभी होती आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे एका लयीत झुलत होती. मुलगी ओरडली, "आई, ती नाचतेय!" आणि शेजारी उभी राहून तीही नाचायला लागली. तो व्हिडिओ मी हौसेने सगळ्यांना पाठवला. नात्यातल्या एका पशुवैद्यांनी तो पाहिला आणि फोन करून एवढंच म्हणाले, "पुन्हा एकदा लाव, आणि या वेळी तिच्या पायाकडे बघ."

मागच्या पायात साखळी होती. जेमतेम एक पाऊल टाकता येईल एवढी. दिवसभर चरत चालायचं हा ज्याचा स्वभाव, त्याला एका जागी जखडलं की ते जनावर जागच्या जागी असं हलत राहतं. कोंडलेल्या, बांधलेल्या हत्तींमध्ये हे सर्रास दिसतं. व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. पुसलेला नाही, पण कुणाला पाठवतही नाही.

हे हत्ती या धंद्यात आले कसे, तेही बघण्यासारखं आहे. थायलंडचंच घ्या. तिथे हत्ती पिढ्यानपिढ्या जंगलातले ओंडके ओढायचे. 1989 मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. जंगलासाठी ते चांगलंच झालं, पण हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार झाले. हत्तीचं पोट थांबत नाही. दिवसाला दीडशे किलोपर्यंत खाणारं जनावर दारात उभं, आणि कमाई शून्य. मग पर्यटक आले. पाठीवर हौदे चढले, हत्ती चित्रं काढू लागले, फुटबॉल खेळू लागले. माहूत दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. पण पिलाला आईपासून तोडून, बांधून, उपाशी ठेवून, मार देऊन 'वळण' लावल्याशिवाय हत्ती अनोळखी माणसाला पाठीवर बसू देत नाही, हेही तितकंच खरं. 2017 मध्ये 'वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन' या संस्थेने आशियातल्या पर्यटनस्थळांवरच्या सुमारे 3 हजार हत्तींची पाहणी केली. दर चारांतले तीन हत्ती वाईट अवस्थेत आढळले.

लोकांना हे हळूहळू कळायला लागलं, तशा पाट्या बदलल्या. स्वारीच्या जागी 'आंघोळ घाला' आलं, 'हत्तीसोबत एक दिवस' आलं. पाटी बदलायला फक्त रंगाचा डबा लागतो. 'सँक्चुअरी' हा शब्द कुणीही लावावा, त्याला बहुतेक ठिकाणी कुणाची परवानगी लागत नाही. मराठीत तर आणखी घोळ, कारण आपण त्याला सरळ अभयारण्य म्हणतो. अभयारण्य म्हणजे रानटी प्राण्यांचं राखीव जंगल. मी बोलतेय ते सर्कशीतून, भीक मागण्यातून, स्वारीच्या धंद्यातून सोडवून आणलेल्या हत्तींच्या आसऱ्याबद्दल.

आंघोळीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण चांगली चांगली माणसं तिथे फसतात. त्यात काय वाईट, हत्तीला पाणी आवडतंच की! आवडतं. पण त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढा वेळ. आणि पाण्यातून बाहेर आला की तो पहिलं काम काय करतो? सोंडेने माती उचलून अंगावर उडवतो. ऊन आणि किडे यांच्यापासून तोच त्याचा बचाव. आपण ब्रश घेऊन ती माती घासून काढतो, तासाभराने पुढची टोळी येते, ती पुन्हा घासते. एवढ्या अनोळखी माणसांच्या गराड्यात हत्ती मुकाट उभा राहतो तो का, हे आपल्याला दिसत नाही, कारण अंकुश माहुताच्या मुठीत झाकलेला असतो. आणि तो मुकाट राहीलच याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जानेवारी 2025 मध्ये थायलंडमध्ये हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण पर्यटक मुलीचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला.

म्हणून ठिकाण ठरवताना मी आता फोटो बघत नाही. फोटो म्हणजे दाखवायचे दात. मी फोन करते आणि खायच्या दातांबद्दल विचारते. रात्री हत्ती कुठे असतात? साखळीला की मोकळे? हा हत्ती तुमच्याकडे आला कुठून? तुमच्याकडे पिलं जन्मतात का? हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा माणूस खुलला, "हो, हो, दोन गोड पिल्लं आहेत, मुलांना खेळायला मिळतील" असं म्हणाला, तर मी आभार मानून फोन ठेवते. आसरा द्यायला बसलेली संस्था सहसा मुद्दाम पैदास करत नाही. पिलू हे गर्दी खेचायचं साधन आहे. आणि एक प्रश्न मी अगदी भाबडेपणाने विचारते, "आमच्या मुलीला हत्तीला हात लावायचाय, तो जवळ येईल ना?" "नक्की येईल" म्हणाले, की ते ठिकाण बाद. "सांगता येत नाही, ते त्याच्या मनावर आहे, कदाचित लांबूनच दिसेल" म्हणाले, की मी तारीख विचारते.

अशी ठिकाणं जगात आहेत. आग्रा-मथुरा भागात 'वाइल्डलाइफ एसओएस'चं केंद्र आहे. सोडवलेल्या हत्तींसाठी त्यांनी 2018 मध्ये रुग्णालयही सुरू केलं. श्रीलंकेत उडवलवे इथे अनाथ पिलांना वाढवून परत रानात सोडतात. त्यांना दूध पाजतात ते प्रेक्षक लांबून बघतात, हात लावायचा प्रश्नच येत नाही, कारण त्या पिलांना माणसाची सवय लागता कामा नये. नैरोबीतल्या शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात सर्वसाधारण पाहुण्यांना दिवसातून एकच तास प्रवेश असतो. आणि अमेरिकेत टेनेसीमध्ये 1995 पासून चालू असलेल्या आश्रयस्थानात तर लोकांना हत्तींपर्यंत जाऊच देत नाहीत. कॅमेरे लावलेत, घरबसल्या बघा म्हणतात. मला सुरुवातीला हा शिष्टपणा वाटला होता. आता वाटत नाही. आयुष्यभर लोकांनी टक लावून बघितलेल्या हत्तिणींना कुणीतरी पडदा मिळवून दिलाय. अशा संस्थांची तपासणी करून मान्यता देणारा 'ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्चुअरीज' नावाचा महासंघही 2007 पासून आहे. त्यांच्या यादीत नसलेलं प्रत्येक ठिकाण वाईट असं नाही, पण यादी चाळून मगच फोन करावा.

आता घरच्यांची तयारी. ही खरी अवघड. गाडी, पाणी, टोप्या, चिखलात चालतील अशी पायताणं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुर्बीण मात्र घ्या, नसेल तर मागून घ्या. घरात कुणाला खोकला असेल तर त्याने घरी थांबावं. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो. पिशवीतून आपलं खाणं त्याला द्यायला नेऊ नका. मुख्य म्हणजे मुलांना आदल्या रात्रीच सांगा, की हात लावायचा नाही, बसायचं नाही, आणि कदाचित फार काही घडणारही नाही. मुलं ऐकतात. आजोबा लोक ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. "एवढं लांब जाऊन नुसतं बघायचं?" हे वाक्य आमच्याकडे तीन वेळा म्हटलं गेलं, तिन्ही वेळा मोठ्यांकडून.

नुसतं बघायचं म्हटलं तरी बघण्यासारखं काय कमी आहे? मुलांना सोंडेचं टोक बघायला सांगा. आशियाई हत्तीच्या टोकाला एकच बोटासारखा भाग असतो, आफ्रिकेतल्याला दोन. कान बघायला सांगा. पंख्यासारखे हलतात ते अंगातली उष्णता बाहेर टाकायला. आणि ऐकायलाही सांगा. रेडिओवर बसून हे म्हणताना मला गंमत वाटते, कारण हत्तीचं कितीतरी बोलणं इतक्या खालच्या सुरात असतं, की ते माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तुमच्या या रेडिओतून ते वाजवताही येणार नाही. केटी पेन या संशोधिकेला 1984 मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं असताना हवेत एक धडधड जाणवली. आवाज काहीच नव्हता. मग ध्वनिमुद्रण करून शोधलं, तर हत्ती एकमेकांशी बोलत होते.

पहिल्या सहलीनंतर सहा वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, वेगळ्या ठिकाणी. मुलगी अकरा वर्षांची. पहिला तासभर काही नाही. लांब झाडीत एक करडी पाठ, बस. आजी छत्री टेकून बसून होत्या. मग तिथल्या एका काकांनी आम्हाला चाराघराकडे नेलं. ते विळ्याने गवत कापत होते, बोटाच्या पेराएवढं बारीक, आणि ढीग एका मोठ्या टोपलीत जमा होत होता. मुलीने विचारलं, "काका, एवढं बारीक कशाला?" ते म्हणाले, "म्हातारी आहे ना ती. दाढा गेल्या तिच्या." आणि विळा खाली ठेवून त्यांनी हाताने दाढेचा आकार दाखवला. आजींनी आपली कवळी जिभेने जरा हलवली आणि हसल्या. नुसतं बघायचं का, हा विषय पुन्हा निघाला नाही.

ती म्हातारी कुंपणापलीकडे, आमच्यापासून पन्नासेक पावलांवर होती. मातीचा एक मोठा उतरता ढीग केला होता आणि त्याला ती पाठ टेकून, जवळजवळ आडवी होऊन झोपली होती. सपाट जमिनीवर झोपली तर सांधे धरलेल्या हत्तीला पुन्हा उठणं जड जातं, म्हणून हा ढीग. दुर्बिणीतून तिचे पाय दिसत होते. घोट्याच्या वर एक गुळगुळीत, केस नसलेलं कडं, फिकट रंगाचं. कानाच्या कडेला भोकं. मुलीने ते बघितलं, पण काही बोलली नाही. मधूनच सोंडेचं टोक हलायचं, थोडी माती उडायची, पुन्हा सगळं शांत. आम्ही अर्धा-पाऊण तास तिला झोपलेली बघत होतो. काकांनी टोपली आणून कुंपणाच्या आत ठेवली. तिला हाक मारली नाही, तसेच मागे फिरले.

परतीची वेळ झाली तेव्हाही ती झोपलेलीच होती. गाडीत मुलीच्या आत्तेभावाचा फोन आला. हत्तीवर बसलीस का, सोंडेला हात लावलास का, फोटो पाठव, असं सगळं त्याचं चाललं होतं. मुलगी म्हणाली, "नाही रे, ती झोपली होती," आणि त्याला त्या ढिगाबद्दल सांगायला लागली ती घर येईपर्यंत.

नमस्कार.