रत्चकान: राजाचं काम, पण राजकारण नव्हे

नमस्कार मंडळी. जेवणाला अजून दहा मिनिटं आहेत म्हणे, तेवढ्यात एका शब्दाची गोष्ट सांगतो.

बँकॉकला आलो त्या वर्षी एका कार्यालयाच्या बंद दारावर कागद चिकटवलेला होता. बरोबरच्या थाई सहकाऱ्यानं वाचून दाखवला: ‘वान युत रत्चकान’. सरकारी सुट्टी. मी मात्र ऐकलं ‘राजकारण’. म्हटलं, राजकारणाला सुट्टी? हा दिवस आपल्याकडेही हवा!

पुढे लिपी शिकलो आणि फजिती कळली. अक्षरं आहेत ‘राजकार’. थाईत शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारात ‘न’ होतो. आहाराचं ‘आहान’, नगराचं ‘नखॉन’. म्हणजे त्या ‘न’चा आपल्या ‘कारणा’शी काडीचा संबंध नाही. राजकार म्हणजे राजाचं काम. आज अर्थ सरकारी कामकाज, शासकीय सेवा. राजकारणाला शब्द वेगळा, ‘कान मुआंग’. ‘कान’ तोच आपला ‘कार’, मुआंग म्हणजे नगर, मुलूख.

सरकारी नोकर तो ‘खा रत्चकान’. ‘खा’ म्हणजे चाकर. हसू नका, पुढे ऐका! पूर्वी सयाममधल्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधल्या, प्रांताधिकाऱ्यांना ठरलेला पगार नसे. वसुलीतूनच आपला वाटा काढायचा. या पद्धतीचं नावच होतं ‘किन मुआंग’, मुलूख खाणे. आपण निदान पैसे खातो म्हणतो, इथे अख्खा मुलूख! राजा चुलालाँगकॉर्न यांनी 1892 मध्ये नव्या धर्तीची मंत्रालयं उभारली, गृहखातं राजपुत्र दामरोंग यांच्याकडे दिलं, आणि हळूहळू पगारी अधिकारी आले. त्या व्यवस्थेचं नाव ‘थेसाफिबान’: देश अधिक अभिपाल.

1932 मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता गेली. शब्द राहिला. आजही कारकून राजाचंच काम करतो, निदान व्युत्पत्तीपुरतं तरी.

शासन चालवणं याला म्हणतात ‘बोरिहान रत्चकान’. बोरिहान म्हणजे आपला परिहार. पालीत त्याचा अर्थ सांभाळणं, जपणं असाही होता, थाईनं तो धरला. शरीराचा व्यायामसुद्धा ‘बोरिहान’च. आपल्याकडे हा शब्द मुख्यतः श्रमांच्या मागे लागून पंगतीला येतो. आणि मसालेभाताचा वास आता इथवर आलाय, तेव्हा मी थांबतो.