बोन्सायला आधी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, आणा

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'घरातल्या आजारी बोन्सायची काळजी' आणि दिवे-नारळ-सत्कारात बराच वेळ गेलेला आहे, तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर राहायला नको. घरातल्या बहुतेक बोन्सायना रोग वगैरे काही झालेला नसतो. त्यांना उजेड मिळत नाही. पानगळ, पिवळेपणा, कुजलेली मुळं, पांढरी कीड हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या हॉलमध्ये लख्ख उजेड असतो. असतो ना, पण तो आपल्या डोळ्यांना. आपला डोळा फार पटकन जुळवून घेतो, झाडाला ती सोय नाही. भर दुपारचं ऊन म्हणजे साधारण 1 लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप), बाहेर मोकळ्या सावलीतसुद्धा 10 हजाराच्या आसपास मिळतं, आणि टीव्हीशेजारच्या टेबलावर किती? 200, 300. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, आज घरी गेल्यावर बघाच. एवढ्याशा उजेडात झाड जितकं अन्न बनवतं त्याहून जास्त जगण्यासाठीच खर्च करतं, आणि खोडा-मुळांत साठवलेल्या स्टार्चवर महिनोन्महिने तग धरतं. म्हणून आपल्याला वाटतं झाड मजेत आहे, आणि मग एके दिवशी सगळी पानं खाली.

जपानमध्ये, जिथून आपण ही कला उचलली, तिथे बोन्साय राहतं बाहेर, अंगणात, फळीवर. घरात तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो तिथे ते आणतात, पण पाहुण्यासारखं, थोडे दिवस, आणि परत बाहेर. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात यामाकी पाइन म्हणून एक झाड आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेलं. 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथून साधारण 3 किलोमीटरवर होतं, बाहेर, कुंपणाच्या भिंतीआड, आणि वाचलं. 1976 ला त्याच्या मालकांनी, यामाकींनी, ते अमेरिकेला भेट दिलं आणि ही हकीकत सांगितलीच नाही, 2001 मध्ये त्यांचे नातू झाड बघायला गेले तेव्हा लोकांना कळली. मला हे झाड फार आवडतं म्हणून दरवेळी सांगतो, ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी सांभाळून घ्या.

आता माझी तक्रार. आमच्या ओळखीच्या एक काकी आहेत, आपल्या गोव्यातल्याच, सावईवेऱ्याकडच्या. उभा जन्म कुळागरात गेला, माड, पोफळी, त्यावर चढवलेली मिरी, केळी, पाटाचं पाणी कधी कुठे वळवायचं हे न बघता सांगणारी बाई. मुलाने ताळगावला फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला कुणीतरी बोन्साय भेट दिलं. छोटा ज्युनिपर, म्हणजे थंड हवेतलं सुयांसारख्या पानांचं झाड, चकचकीत कुंडी, वर पांढरे खडे आणि एक कार्ड, त्यावर लिहिलेलं की घरात ठेवा, रोज दोन चमचे पाणी घाला. काकींनी कार्डाबरहुकूम सगळं केलं. एसीच्या हॉलमध्ये ठेवलं, चमच्याने मोजून पाणी घातलं. झाड बरेच दिवस हिरवंगार, आणि मग हात लावला की सुया झडायला लागल्या. मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य काय होतं माहितीय? "माझ्या हाताला गुण नाही रे आता."

मंडळी, मला ह्याचा राग येतो. ज्या हातांनी अख्खं कुळागर उभं केलं त्या हातांना गुण नाही? मी जाऊन बघितलं तर ते खडे डिंकाने चिकटवलेले, खाली घट्ट चिकणमातीचा गोळा, आणि कुंडीच्या तळाला भोकच नाही. पाणी जाणार कुठून आणि निघणार कुठून? आणि ज्युनिपर हे थंडीत विश्रांती घेणारं झाड, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा 20 च्या आसपास, त्यात बंद खोली. वर त्याची खोड अशी की मेल्यानंतरही कितीतरी आठवडे हिरवं दिसतं, त्यामुळे काकी जे पाणी घालत होत्या ते बहुधा मेलेल्या झाडालाच. असलं झाड घरात ठेवा म्हणून विकणाऱ्याने सांगायलाच हवं की हे घरात जगत नाही. माणसं एक झाड गमावतात ते गमावतात, वर स्वतःला दोष देऊन पुन्हा कुंडीला हात लावत नाहीत, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि आपल्याकडे काय कमी आहे हो? जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत, देवळाच्या कठड्यावर आपोआप उगवणारा नांद्रुक, तोच तो फायकस मायक्रोकार्पा, जो नर्सरीत फुगलेल्या मुळांचा 'जिनसेंग' म्हणून विकतात. वड, उंबर, चिंच, कामिनी, सगळी इथे सहज वाढणारी आणि बोन्सायला उत्तम.

बरं, चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली म्हणे, तर उपचार पटापट सांगतो, लिहून घ्या.

आधी झाड जिवंत आहे का बघा. बारीक फांदीवर नखाने साल खरवडा, खाली हिरवं आणि ओलं दिसलं तर जीव आहे, सुकं तपकिरी असेल तर खाली खाली जात बुंध्यापर्यंत बघा. मग पाणी. पाणी जास्त झालं तरी पानं पिवळी, कमी झालं तरी पिवळी, त्यामुळे अंदाजाने घालू नका, बांबूची काडी मातीत खोचून दहा मिनिटांनी काढा, ओली आली तर थांबा. घालाल तेव्हा भोकातून वाहून जाईपर्यंत घाला, चमचा स्वयंपाकघरात ठेवा.

चिकटवलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढा. माती आंबूस वास मारत असेल तर झाड बाहेर काढून मुळं बघा, निरोगी मूळ घट्ट असतं, कुजलेलं काळं, लिबलिबीत, बोटात सालपट सुटून येतं. मुळांनाही हवा लागते, सतत पाण्यात राहिली की गुदमरतात आणि मग बुरशी चढते. कुजलेलं तेवढं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा, विटेचे किंवा चिऱ्याचे तुकडे 3 ते 6 मिलिमीटरचे, चाळून धूळ काढलेले, त्यात थोडं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), त्यात लावा आणि तारेने कुंडीला बांधा, कारण झाड हललं की नवीन मुळांची टोकं तुटतात.

खत अजिबात नाही, नवे कोंब दिसेपर्यंत. पांढऱ्या किडीला कापसावर स्पिरिट घेऊन पुसा.

आणि जागा. बाल्कांव असेल तर बाल्कांव, फ्लॅटमध्ये ग्रिलची खिडकी, एकदम कडक उन्हात नाही, दोन आठवडे उजेडाच्या सावलीत आणि मग सकाळचं ऊन. फायकस जागा बदलली की थोडी पानं टाकतो, घाबरून परत आत नेऊ नका. जून ते सप्टेंबर वळचणीखाली ठेवा, आणि कुंडीच्या एका बाजूला खाली विटेचा तुकडा द्या, तिरकी कुंडी पाणी लवकर सोडते. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस, हे नाही केलं तर बाकीचं फुकट.

छाटणी, तारा, आकार ह्यातलं आज काहीच नाही, झाड दोन-तीन महिने जोमाने वाढल्यावर मग. ज्यांनी कुंड्या सोबत आणल्यात त्यांनी थांबा, खाली चहा आहे, तिथे एकेक खरवडून बघू.