पानिपतचा घाव, दिल्लीचं तख्त आणि राणेखान भिस्ती

१४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासराव पडलेत, भाऊसाहेबांचा पत्ता नाही, आणि तिशीच्या आसपासचा एक शिंदे सरदार आपली दख्खनी घोडी फेकत दक्षिणेकडे निघालाय. मागे एक पठाण लागलाय, काही केल्या पाठ सोडत नाही. शेवटी घोडी खड्ड्यात अडकली, पठाणानं गाठलं, गुडघ्यावर परशूचा घाव घातला आणि दागिने, घोडी सगळं घेऊन गेला. तो पठाणाचा घोडा झोपेतसुद्धा मागे लागलेला दिसतो असं हा माणूस पुढे कित्येक वर्षं सांगायचा.

हे महादजी शिंदे. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, राणोजींचे चिरंजीव. मोठा भाऊ जयाप्पा नागोरला मारला गेला, दत्ताजी बुराडी घाटावर, पानिपतला तुकोजी आणि पुतण्या जनकोजी. म्हणजे अख्खं घरच संपलं म्हणा ना.

तिथं सैन्याला पखालीनं पाणी पुरवणारा राणेखान नावाचा भिस्ती होता, त्यानं जखमी महादजींना उचलून आपल्या पाण्याच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेत सुखरूप आणलं. पाय कायमचा अधू झाला. पण राणेखानाला महादजींनी भाऊ मानलं ते अगदी मनापासून, त्याला सरदार केलं, फौज दिली. हे नाव लक्षात ठेवा.

सरदारकी काही लगेच मिळाली नाही, घरातच वाद होते, ती माधवराव पेशव्यांनी १७६८ ला दिली. मग मात्र गडी थांबला नाही. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत मुघल बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात राजधानीत परत आला, पानिपतला अकरा वर्षं होतायत फक्त! १७७९ ला वडगाव मावळात इंग्रजांना घेरून तह करायला लावला. १७८० ला इंग्रजांनी रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, तो फटका मोठा होता, तरी १७८२ चा इंग्रजांशी सालबाईचा तह झाला तो महादजींच्याच मध्यस्थीनं. डी बॉयन नावाच्या युरोपातल्या सॅव्हॉयच्या माणसाकडून त्यांनी कवायती कंपू, म्हणजे युरोपी शिस्तीतल्या पायदळ पलटणी, उभे करून घेतले, कारण नुसत्या घोडदळावर आता भागणार नाही हे त्यांना नीट कळलं होतं.

१७८७ ला जयपूरवाल्यांशी लढताना लालसोटला डाव फिरला, सोबतची मुघल फौजच तोफांसकट त्यांच्याकडे गेली, महादजींना मागे हटावं लागलं. तेवढ्यात गुलाम कादिर दिल्लीत घुसला आणि त्यानं म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. हा गुलाम कादिर कोण, तर नजीबखानाचा नातू. ज्या नजीबनं अब्दालीला साथ दिली, ज्याच्यामुळं शिंद्यांच्या घरातली माणसं गेली, त्याचा नातू. महादजींनी दिल्लीवर फौज पाठवली आणि त्या फौजेचा प्रमुख कोण होता माहितीय? राणेखान. पखाल वाहणारा तो भिस्ती. १७८८ च्या ऑक्टोबरात दिल्ली पुन्हा मराठ्यांकडे आली, राणेखान पाठलाग करत मेरठपर्यंत गेला, कादिर सापडला, आणि १७८९ ला महादजींनी त्याला देहांत शासन दिलं.

१७९२ ला महादजी पुण्यात आले ते सवाई माधवरावांसाठी वकील-इ-मुतलकची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, वस्त्रं घेऊन. एवढा मोठा माणूस, पण काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायापुढं ठेवले, आम्ही पाटीलच म्हणाले, असं सांगतात. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या छावणीत ते गेले. शिंदे छत्री तिथंच आहे.