वाघिणीत काय होतं? फेनबान रेल्वेची गोष्ट

अध्यक्षमहोदय, आणि एवढ्या पावसात आलेले तुम्ही सगळे,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जर्मनीची सीमेवरची रेल्वे’. मला त्यात एकच मुद्दा मांडायचाय. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी तुमच्यापर्यंत पोचलेला असेल. रेल्वेच्या इतिहासावर बोलणारे काही जण इंजिनांत रमतात, काही जण राजे आणि तह यांत. वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, काय भरलं होतं, ते कुठून आलं आणि कुठे उतरलं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी मालधक्क्यावरच्या पावत्या तपासण्यात गेली. त्यामुळे कुठल्याही रेल्वेमार्गाचं नाव निघालं की मला आधी तोच प्रश्न पडतो. १९२० साली काही मोठ्या माणसांना हा प्रश्न पडला नाही. त्यापायी एक भरभराटीची रेल्वे वाळून गेली आणि नकाशावर एक चमत्कारिक सीमा उरली. हे मला आज सिद्ध करायचंय.

या रेल्वेचं नाव फेनबान. तिचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. जर्मनीच्या पार पश्चिमेला आखेन शहर. तिथल्या रोटे एर्डे या भागातून निघालेली गाडी दक्षिणेकडे चढायला लागते. रारेन, रोटगेन, लामर्सडोर्फ, मोन्शाउ, काल्टरहेर्बेर्ग अशी एकेक गावं घेत ती होहेस फेन नावाच्या उंच, दलदलीच्या पठाराच्या कडेनं जाते. पुढे वाइमेस, सांक्ट फिथ आणि शेवटी लक्झेंबर्गमधलं उल्फ्लिंगन, ज्याला फ्रेंचमध्ये त्र्वाव्हिएर्ज म्हणतात. पहिला टप्पा १८८५ मध्ये सुरू झाला, सांक्ट फिथला गाडी १८८७ मध्ये पोचली आणि लक्झेंबर्गला १८८९ मध्ये. हा सगळा मुलूख तेव्हा प्रशियाचा होता. बेल्जियमची हद्द थोडी पश्चिमेला.

एवढ्या विरळ वस्तीच्या, पावसाच्या, चढाच्या प्रदेशात प्रशियानं पैसा ओतला तो कशासाठी? लोखंडाच्या दगडासाठी. लक्झेंबर्ग आणि लॉरेनमध्ये ‘मिनेट’ नावाचं खनिज अमाप होतं, पण त्यात फॉस्फरस फार. त्यापासून केलेलं पोलाद ठिसूळ व्हायचं, म्हणून त्याला किंमत नव्हती. १८७८-७९ च्या सुमाराला सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या इंग्रज तरुणानं भट्टीला आतून चुनखडीच्या जातीच्या दगडाचं अस्तर द्यायची युक्ती काढली. त्यामुळे फॉस्फरस मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ गाळात, निघून जायला लागला. हा थॉमस दिवसा कोर्टात कारकुनी करायचा आणि संध्याकाळी रसायनशास्त्र शिकायचा. पोलाद उद्योगातल्या बड्या बड्यांना जे सुटलं नव्हतं, ते या कारकुनानं सोडवलं. या सभागृहात कारकुनी केलेली मंडळी बरीच दिसतायत, त्यांनी हे घरी अवश्य सांगावं.

आखेनच्या रोटे एर्डे पोलाद कारखान्यानं ही पद्धत लवकरच उचलली. आता दक्षिणेहून मिनेट आणायचं आणि परतीला आखेनच्या खाणींचा कोळसा आणि कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजून तयार केलेला कोळसा, न्यायचा. आमच्या खात्यातल्या माणसाला हे ऐकूनच समाधान वाटतं, कारण वाघीण जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली. रिकाम्या वाघिणी परत आणण्यात मालवाहतुकीचा निम्मा नफा जातो. इथे तो जात नव्हता. शिवाय लक्झेंबर्ग १८४२ पासून जर्मन राज्यांच्या जकात संघात होता, त्यामुळे देश बदलला तरी जकात नाही. प्रवासी, लाकूड, ऑइपेन आणि मोन्शाउच्या गिरण्यांचं लोकरी कापड, हे सगळं होतंच. पण मार्ग पोसला जात होता तो खनिज आणि कोक यांच्यावर. हे लक्षात ठेवा, शेवटी इथेच परत यायचंय.

आता उल्फ्लिंगन स्टेशनाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी या विषयावर कधीच बोलत नाही, कारण पहिलं महायुद्ध पश्चिमेला खऱ्या अर्थानं सुरू झालं ते याच रेल्वेच्या टोकाच्या या लहानशा स्टेशनावर.

१ ऑगस्ट १९१४, संध्याकाळ. बर्लिनमध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या हातात लंडनहून आपल्या राजदूताची तार पडते. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही आवरून धरील, असा तिचा अर्थ त्यानं लावला. कैसरला हर्ष झाला. त्यानं सेनाप्रमुख मोल्टकेला बोलावलं आणि सांगितलं, आता सगळं सैन्य पूर्वेला, रशियावर न्या. मोल्टके हादरून गेला. कारण जमवाजमव म्हणजे हजारो गाड्यांचं वेळापत्रक. कुठली तुकडी कुठल्या स्टेशनात कधी चढणार, कुठला पूल कधी ओलांडणार, हे सगळं महिनोन्‌महिने खपून बसवलेलं. एका संध्याकाळी ते उलटवलं तर उरेल ती लढणारी फौज नव्हे, रसदेवाचून भटकणारा सशस्त्र जमाव, असं त्यानं कैसरला सांगितलं. कैसर ऐकेना. त्यानं ट्रिअर या जर्मन शहरातल्या १६ व्या डिव्हिजनला परस्पर हुकूम पाठवला की लक्झेंबर्गमध्ये पाऊल टाकू नका.

हुकूम निघाला, पण तोवर फेल्डमान नावाच्या लेफ्टनंटची तुकडी हद्द ओलांडून उल्फ्लिंगनला पोचली होती. लक्झेंबर्ग तटस्थ देश. त्याच्या तटस्थतेची हमी देणाऱ्यांत खुद्द प्रशिया होता. तुकडीनं स्टेशन आणि तारघर ताब्यात घेतलं, काही रूळ उखडले. अर्ध्या तासात मागून मोटारींतून दुसरी तुकडी धावत आली आणि म्हणाली, चूक झालीय, मागे फिरा. ते निघून गेले. तो स्टेशनमास्तर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या स्टेशनावर एका साम्राज्यानं आक्रमण केलं आणि चुकून झालं म्हणून अर्ध्या तासात ते मागे घेतलं. रात्री अकराच्या सुमाराला लंडनहून खुलासा आला की असा काही प्रस्तावच नव्हता. मग कैसरनं मोल्टकेला मोकळीक दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लक्झेंबर्ग रीतसर व्यापलं गेलं.

या गोष्टीचं शेपूट मला जास्त अस्वस्थ करतं. जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातले जनरल फॉन श्टाब यांना मोल्टकेचं ‘वेळापत्रक बदलणं अशक्य होतं’ हे म्हणणं फार लागलं. आपल्या खात्याची ही बदनामी आहे असं त्यांना वाटलं. युद्ध संपल्यावर त्यांनी नकाशे आणि कोष्टकं मांडून दाखवून दिलं की १ ऑगस्टला सांगितलं असतं तर सैन्याचा मोठा भाग पंधरवड्यात पूर्वेला नेता आला असता. खात्यातल्या माणसाला कुणी विचारलंच नाही. हे मी सांगतेय ते करमणुकीसाठी नाही. रेल्वेबद्दलचे निर्णय घेताना रेल्वे चालवणाऱ्यांना विचारायचं नाही, हा प्रकार सहा वर्षांनी याच मार्गावर पुन्हा घडला.

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. ऑइपेन आणि मालमेडी हे जर्मनीचे दोन जिल्हे बेल्जियमला मिळाले. लोकांचं मत घेतलं म्हणायचं, पण ते कसं? ज्याला विरोध असेल त्यानं सरकारी कचेरीत येऊन नोंदवहीत आपलं नाव उघडपणे लिहायचं. ३३,७२६ मतदारांपैकी २७१ जणांनी लिहिलं. रेशनचा शिधा आणि नोकरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर सही करायची होती. या आकड्याला लोकमत म्हणणं मला अजूनही पटत नाही.

नवी हद्द जागेवर जाऊन आखायला तहाच्या ३५ व्या कलमानं सात जणांचं मंडळ नेमलं. पाच दोस्त राष्ट्रांचे, एक जर्मन, एक बेल्जियन, आणि निर्णय बहुमतानं. त्या कलमात लिहिलंय की हद्द आखताना आर्थिक बाबी आणि दळणवळणाची साधनं लक्षात घ्यावीत. बेल्जियमचं म्हणणं सरळ होतं. उत्तरेला ऑइपेन आमचं, दक्षिणेला मालमेडी आमचं, मध्ये दलदल, आणि दोन्हींना जोडणारी रेल्वे मात्र मोन्शाउ या जर्मन जिल्ह्यातून जाते. तेव्हा ती आम्हाला द्या. मंडळानं दिली. रूळ, खडी, स्टेशनं, सगळी पट्टी बेल्जियमची. दोन्ही बाजूंची गावं मात्र जर्मनीकडे.

त्यामुळे रुळांच्या पश्चिमेला राहिलेले जर्मन भाग आपल्याच देशापासून तुटले. आपल्याच घराच्या न्हाणीघरात जायला शेजाऱ्याच्या ओट्यावरून जावं लागावं, तसं. असे पाच तुकडे आजही आहेत. म्युट्झेनिशमध्ये सुमारे दोन हजार माणसांची नांदती वस्ती आहे. रोटगेनचं जंगल आहे, म्युन्स्टरबिल्डशेन आहे, रुइट्झहोफ आहे. आणि र्युकश्लाग म्हणजे एक घर आणि त्याची बाग. चारी बाजूंनी बेल्जियम, कुंपणाच्या आत जर्मनी. आपल्याकडे कूचबिहारच्या छिटमहालांचा, म्हणजे भारत आणि बांगलादेशच्या एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांचा, प्रश्न २०१५ मध्ये जमिनींची अदलाबदल करून सुटला. तिथल्या माणसांनी जे सोसलं, त्याची इथल्या त्रासाशी बरोबरी होणार नाही. पण तिथला गुंता संस्थानी काळातल्या जमिनींच्या वाटपातून आलेला. एका रेल्वेसाठी असे तुकडे पाडल्याचं उदाहरण मला तरी हेच माहीत आहे.

मी ही पट्टी पाहून आले. आता तिथे डांबरी सायकलमार्ग आहे. लामर्सडोर्फजवळ तुम्ही उभे राहता तिथली जमीन बेल्जियमची, आणि हात लांब केला तर जर्मन शेताचं कुंपण हाताला लागतं. गवतात हद्दीचा बुटका दगड, त्यावर कोरलेला आकडा. जवळच हिटलरच्या काळातले रणगाडे अडवायचे काँक्रीटचे सुळके रांगेनं उभे आहेत, त्यांवर शेवाळ. याच भागातल्या रोटगेनमध्ये १२ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकन सैन्य शिरलं. त्यांच्या हाती पडलेलं हे पहिलं जर्मन गाव. तीन महिन्यांनी सांक्ट फिथ बॉम्बहल्ल्यात जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. या भागातलं ते मोठं रेल्वे केंद्र. आज तिथे एकही गाडी जात नाही.

आणि कॉफी! युद्धानंतर जर्मनीत किलोमागे दहा मार्क कर, बेल्जियमात कॉफी स्वस्त. आखेनपासून या पठारापर्यंत सगळी सीमा चोरट्या कॉफीनं दरवळली. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं, सगळी यात. चोरट्यांच्या टोळ्या पाठलागाच्या गाड्यांची टायरं फोडायला रस्त्यावर लोखंडी काटे टाकायच्या, म्हणून कस्टमवाल्यांनी आपल्या पोर्शे गाडीला पुढून झाडू बसवले. झाडू लावलेली पोर्शे! श्मिट गावचं युद्धात पडलेलं चर्च पुन्हा उभं करायला या कॉफीच्या पैशाचा हातभार लागला आणि लोक त्याला ‘संत मोका’ म्हणायला लागले. यात गोळ्या चालल्या, माणसं मेली, हेही सांगायला हवं. १९५३ मध्ये कर पुष्कळ उतरवला आणि धंदा बसला. यातली पोत्यामागून पोती माणसांच्या पाठीवरून जात होती आणि...

चिठ्ठी आलीय. सहा मिनिटं उरलीत. बरं, मूळ मुद्द्यावर येते. भराभर सांगते.

मंडळानं ‘दळणवळणाची साधनं’ हे शब्द वाचले आणि नकाशावर ऑइपेनहून मालमेडीला जाणारी रेघ पाहिली. पण ऑइपेनहून मालमेडीला असा काय माल जात होता? दोन्ही गावं पूर्वी एकाच राज्यात होती, तेव्हासुद्धा हा मार्ग त्या जोडणीसाठी बांधलेला नव्हता. माल जात होता लक्झेंबर्ग ते रोटे एर्डे. म्हणजे मार्गाचं एक टोक जकात संघात आणि दुसरं टोक आखेनच्या भट्टीत. तह झाला तेव्हा लक्झेंबर्ग जकात संघातून बाहेर पडला होता आणि १९२१ मध्ये त्यानं बेल्जियमशी आर्थिक संघ केला. आता खनिज आखेनला न्यायचं तर जकातीची हद्द आडवी. रोटे एर्डे कारखाना १९२६ मध्ये बंद पडला. त्याला इतरही कारणं होती, सगळा दोष हद्दीला देणार नाही. पण दोन्ही टोकं तुटल्यावर मधल्या रुळांवर चालवायचं काय?

दुसरं. बेल्जियमची बंदरं आणि शहरं पश्चिमेला. हा मार्ग उत्तर-दक्षिण. बेल्जियमच्या मालाला त्याची गरजच नव्हती. राहिली ती स्थानिक वाहतूक, लाकूड आणि एल्सेनबोर्नच्या लष्करी छावणीची ने-आण. प्रत्येक वेळी परक्या गावांमधून जाणारी गाडी, कस्टमचे सोपस्कार. जर्मन गावकऱ्याला आपल्याच गावच्या स्टेशनात जायचं तर तो परदेशात पाऊल टाकत होता. असा प्रवासी शेवटी बस पकडतो.

तिसरं. बेल्जियमला दोन जिल्हे जोडायचे होते, तर रूळ जर्मनीकडे ठेवून वाहतुकीचा करार करता आला असता. मालवाहतुकीच्या एखाद्या माहीतगाराला वर्षभराच्या पावत्या काढायला सांगितलं असतं, तर त्यानं आठवड्याभरात सांगितलं असतं की हद्द इथून नेलीत तर मार्ग टिकणार नाही.

१९९० पासून २००१ पर्यंत हौशी मंडळींनी पर्यटकांसाठी गाडी चालवली, तीही थांबली. मग रूळ निघाले. रूळच गेले, तर पट्टी जर्मनीला परत मिळायची का, असा प्रश्न २००८ च्या सुमाराला निघाला. दोन्ही सरकारांनी स्पष्ट केलं की जमीन बेल्जियमचीच राहील. पट्टी दिली होती रेल्वेसाठी. आता रेल्वे नाही, हद्द आहे, आणि तिच्यावरून आखेन ते त्र्वाव्हिएर्ज १२५ किलोमीटर सायकली जातात. सायकलमार्ग फार सुरेख केलाय, जाणार असाल तर जरूर जा. पण सीमा मंडळांच्या अभ्यासात आणि रेल्वेच्या अभ्यासातही पावत्या वाचल्या गेल्या पाहिजेत, ही माझी मागणी कायम आहे. आपल्याकडच्या जुन्या मालधक्क्यांचे दप्तर रद्दीत जातंय. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या वेळच्या माल नोंदवह्या असतील, त्यांनी त्या टाकू नयेत.

वेळ झाली. र्युकश्लागचं घर नकाशावर दाखवायचं राहून गेलं. नकाशा माझ्या पिशवीत आहे, चहाच्या वेळी मागच्या टेबलावर पसरते. प्रश्नही तिथेच विचारा.