उन्हातली सीट, उन्हातलं हूड

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांच्या पुढे सरकतो. अशा दुपारी काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात हवा 60 अंशांच्या घरात जाते आणि काळी सीट त्याहूनही तापते. बसताना चटका बसतो, आपण टॉवेल टाकतो आणि गाडी काढतो. पण लेदरच्या सीटला आणि जीपच्या रेक्झिन हूडला, म्हणजे दुमडत्या छपराला, प्रवासापेक्षा हे उन्हात उभं राहणंच जास्त भोवतं. कुशनचं आणि हूडचं काम करताना माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक फाटक्या सीटांची आणि तडकलेल्या हूडांची कथा एकच असते. ऊन लागलं, धूळ बसली, आणि मग कुणीतरी प्रेमाने चुकीचं काहीतरी चोळलं.

आधी लेदरचं सांगतो. चामडं म्हटलं की आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. पूर्वी विहिरीवरच्या मोटेला तेल लावायचे, वहाणेला आजही तेल पाजतात. ते योग्यच आहे, कारण ते चामडं उघडं असतं आणि तेल पितं. गाडीच्या सीटचं तसं नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत लेदरवर कारखान्यातच रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ, लवचिक थर चढवलेला असतो. आपण हात फिरवतो तो या थरावर. खोबरेल लावलं तर ते वरच राहतं, त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते आणि बसता-उठता ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

तेलाने काय होतं ते बघायचं असेल तर ड्रायव्हरच्या सीटचा डोकं टेकतो तो भाग जवळून बघा. फिकट रंगाची सीट असली तर तिथं काळपट गोल दिसेल. बोट दाबलं की किंचित चिकट लागेल. ते केसांचं तेल आणि घाम. वर्षानुवर्षं मुरत गेलं की वरचा थर मऊ पडतो आणि सालपटासारखा निघायला लागतो. दुसरी जागा म्हणजे ड्रायव्हर चढतो त्या बाजूची सीटची उभी कड. तिथं पँटची शिलाई आणि खिशातली किल्ली रोज घासते. सगळी सीट पुसायला वेळ नसेल तर आठवड्यातून एकदा या दोन जागा तरी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात. सीटचं निम्मं दुखणं तिथंच अडतं, हे मी अनुभवाने सांगतो.

तुमच्या सीटवर थर आहे की नाही, हे ओळखायला सीटच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर थर आहे. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर लेदर उघडं आहे, किंवा थर झिजलाय. अशा सीटवर पाणी कमीत कमी वापरा आणि डाग स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका.

थर असलेली सीट धुताना आधी कोरडी धूळ काढा, व्हॅक्यूमने किंवा रंगाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने. शिवणीत आणि घडीत बसलेली माती निघाल्याशिवाय ओलं फडकं लावू नका. मग मगभर पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचे चार थेंब टाकून फेस करा, फेसानेच पुसा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि कोरडं करा. फडकं म्हणून जुन्या सुती लुगड्यासारखं उत्तम काही नाही. कपड्याच्या साबणाची पावडर मात्र नको. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि पावडर अल्कधर्मी. दोघांचं जमत नाही. सॅनिटायझरही नको, अल्कोहोलने रंग सुटतो. सीटला बारीक छिद्रं असतील तर पातळ काहीही थेट ओतू नका, ते खालच्या फोममध्ये उतरतं.

आता हूड. थारचं असो, जुन्या जीपचं असो, की बाहेरदेशी बनावटीच्या उघड्या कारचं, रेक्झिनचं हूड म्हणजे विनाइल, आणि विनाइल म्हणजे पीव्हीसी. शेतात बोअरला जो पाइप घालतो तोच हा माल. मग पाइप कडक आणि हूड मऊ कसं? 1926 साली वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने पीव्हीसीत तेलासारखा पदार्थ मिसळून ते लवचिक केलं. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. हूडचा सगळा मऊपणा त्या पदार्थाचा. उन्हात तो हळूहळू बाहेर पडतो, उडून जातो. रेक्झिनच्या डॅशबोर्डच्या गाडीत समोरच्या काचेला आतून जो धुरकट, तेलकट थर येतो, त्यात तोही असतो. पदार्थ निघून गेला की हूड पुन्हा पाइपाच्या स्वभावावर जातं, कडक होतं आणि घडीच्या रेषेवर तडकतं.

म्हणून हूडवर डिझेल, रॉकेल, थिनर यांचं फडकं फिरवू नये. गॅरेजवर सर्रास फिरवतात आणि दोन दिवस हूड काळंभोर दिसतं, पण हीच द्रवं मऊपणा ओढून काढतात. टायरची चकाकी वाढवणारं तेलकट पॉलिशही नको, त्यावर धूळ घट्ट बसते. पाण्यात मिसळणारं, उन्हापासून संरक्षण देणारं विनाइलचं ड्रेसिंग मिळतं, ते पातळ लावा आणि उरलेलं पुसून टाका. आणि याहून मोठा उपाय फुकट आहे, सावली. लिंबाखाली गाडी लावली की पाखरांची विष्ठा पडणार, हे खरं. ती कोरडी खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग उचला.

पाण्याचं वेगळं बोललं पाहिजे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात बसून मी हूड धुवायला नळी लावा असं सांगणार नाही, आणि गरजही नाही. एक बादली पुरते. आधी मऊ ब्रशने झटका, मग साबणाचा फेस, मग पिळलेलं फडकं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते उन्हात वाळलं की पांढरे ठिपके राहतात. शेवटचा हात जारच्या मगभर पाण्याचा द्या आणि लगेच कोरडं करा. उन्हात धुवायचंच नाही, सकाळी किंवा दिवस मावळताना.

मागची पारदर्शक खिडकी सगळ्यात नाजूक. ती काच नसून पीव्हीसीचाच पत्रा असेल तर कोरडं फडकं एकदा जरी फिरवलं तरी कायमचे ओरखडे उठतात. पाणी सोडून माती वाहू द्या, मगच पुसा. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे तिच्यावर मारू नका. हूड दुमडताना मध्ये सुती चादर घाला. डिसेंबरात परभणीकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पहाटे हूड दुमडू नका. थंड पीव्हीसी मोडतं. पावसात भिजलेलं हूडही दुमडून ठेवू नका, आतल्या कापडाला बुरशी धरते आणि तो वास जाता जात नाही.

लग्नसराईत वरातीच्या उघड्या गाड्या सजतात. फुलं लावायला चिकटपट्टी थेट हूडवर नको, लोखंडी पाइपांना दोरीने बांधा. सीटवर गुलाल पडला तर ओलं फडकं लावायची घाई करू नका, ओला झाला की रंग पसरतो. आधी ब्रशने कोरडाच उडवा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेव्हा घाबरून घासू नका. हळदीचा रंग उजेडात स्वतःच उडतो, काही दिवस धीर धरा.

शेवटी शिवण. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने जाताना एखादं बटण किंवा पट्टा सुटलेला असेल तर हूडची कड सारखी फडफडते आणि दोरा तुटायला लागतो. निघण्याआधी चारी कडा हाताने ओढून बघा. चेन घट्ट झाली असेल तर मेणबत्ती घासा. दोरा सुटला तर जुन्याच भोकांतून शिवून घ्या, कारण नवं प्रत्येक भोक रेक्झिनला कमजोर करतं. बारीक चीर दिसली तर झटपट चिकटणारा गोंद ओतू नका, तो कडक होतो आणि शेजारीच दुसरी चीर पाडतो. आतल्या बाजूने रेक्झिनचं ठिगळ, लवचिक राहणाऱ्या गोंदाने, आणि तेही चीर बोटभर असताना. घडीची अख्खी रेषा तडकली असेल तर ठिगळावर पैसे घालवू नका, नवं हूड बसवा.

नमस्कार.