फ्रँकलिन बापलेक आणि वॉशिंग्टनचा हॅरी

मंडळी, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की एकीकडे सगळे अमेरिकन आणि दुसरीकडे लाल डगल्यातले इंग्रज, असं चित्र आपण मनात धरून बसतो. पण ही लढाई घरातल्या घरातही पेटली होती. इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं राहिलेले अमेरिकी वसाहतवाले काही मूठभर नव्हते. हरल्यावर त्यांतले सुमारे ६० हजार देश सोडून गेले. कुंपणावर बसलेले वेगळेच.

बंडवाल्यांचा पुढारी बेंजामिन फ्रँकलिन याचं घर घ्या. १७५२ चा तो आभाळातल्या विजेवरचा पतंगाचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. त्या वेळी मदतीला होता त्याचा मुलगा विल्यम. जुन्या चित्रांत त्याला लहान पोर दाखवलंय, पण तो तेव्हा विशी ओलांडलेला गडी होता. वडिलांबरोबर लंडनला गेला, बॅरिस्टर झाला, आणि १७६२ मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी नेमला गेला, तोही राजाकडून. आता हा माणूस राजाशी बेइमानी कशी करणार?

जून १७७६ मध्ये बंडवाल्यांनी त्याला अटक करून कनेटिकटला नेलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची बायको एलिझाबेथ अखेरच्या आजारात होती. एकदा भेटू द्या, म्हणून त्यानं विनवलं. बंडवाल्यांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन, त्यालाही त्याची दया आली, त्यानं तो अर्ज काँग्रेसकडे, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेकडे, पाठवला. काँग्रेसनं नाही म्हटलं. ती गेली. तेव्हा बेंजामिन पॅरिसमध्ये बंडवाल्यांची वकिलात सांभाळत होता, आणि त्याचा लेखनिक कोण? विल्यमचाच मुलगा टेंपल!

१७८४ मध्ये विल्यमनं समेटाचं पत्र लिहिलं. म्हाताऱ्यानं उत्तरात कळवलं, की माझ्या एकुलत्या मुलानं माझ्याविरुद्ध शस्त्र धरलं, याइतकं दुसरं काहीच मला लागलं नाही. राजकारणाच्या कर्तव्यांआधी रक्ताची कर्तव्यं येतात. वाचताना कीव येते, खरं सांगतो. पण ज्यानं राजाचं ऐकू नका म्हणून अख्ख्या वसाहतींना साथ दिली, त्यानं मुलाकडून मात्र निमूट आज्ञापालन मागावं, हे काही मला पटत नाही. मृत्युपत्रातही विल्यमच्या वाट्याला आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातली जमीन आणि असलंच किरकोळ काही आलं.

गोऱ्यांची ही ओढाताण आपण हळहळून ऐकतो. गुलामांचा हिशोब त्याहून सरळ होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरनं जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मोकळे. डनमोर स्वतः गुलाम बाळगून होता, तेव्हा यात पुण्यकर्म शोधायला जाऊ नका. तरी लोक धावले. त्यांत वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवरचा हॅरी होता, १७७६ मध्ये पळालेला. स्वातंत्र्याच्या सेनापतीचा गुलाम स्वातंत्र्यासाठी शत्रूच्या छावणीत!

१७८३ मध्ये वॉशिंग्टननं इंग्रज सेनापती कार्ल्टनकडे पळालेले गुलाम परत मागितले. कार्ल्टननं नकार दिला, आणि इंग्रजांबरोबर जाणाऱ्यांची नोंदवही केली. तीत ३ हजारांच्या आसपास नावं आहेत. हॅरी वॉशिंग्टन हे त्यांतलं एक. त्यांतले बरेच नोव्हा स्कॉशियात उतरले; तिथं वाट्याला आली खडकाळ जमीन आणि गोऱ्या राजनिष्ठांचा जाच. १७९२ मध्ये सुमारे १,२०० जण जहाजांनी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले, हॅरीही गेला. तिथं वसाहत चालवणाऱ्या इंग्रज कंपनीनं जमिनीवर सारा मागितला. १८०० मध्ये वसाहतवाल्यांनी त्याविरुद्ध बंड केलं. हॅरी पकडला गेला आणि हद्दपार झाला. जुना मालक वॉशिंग्टन वारल्याला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं.